कुऱ्हाडे == कुऱ्हाडे, उत्तर फॉल्स

एका पतसंस्थेच्या लाभांशाचं काम आलं होतं. सभासदांची यादी एका फाइलीत, खात्यांची दुसऱ्या, नावं जुळवायची आणि तिसरी यादी काढायची, बस. (दोन्हीकडे सभासद क्रमांक का नाही ते मला विचारू नका, मीपण विचारून दमलो.) पायथनची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) चालवली आणि न जुळलेली नावं उघडली तर कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे सगळे तिथेच जमलेले! जोशी, पाटील, जाधव आरामात पास.

शेजारची ज्युनियर म्हणाली, सर, शेवटी स्पेस असेल, स्ट्रिप (कडेची स्पेस काढणारी कमांड) मारा. मारलं, काही फरक नाही. मग पायथनच्या शेलमध्ये (जिथे एकेक ओळ टाकली की लगेच उत्तर मिळतं) दोन स्ट्रिंग व्हेरिएबल, म्हणजे मजकूर ठेवायचे दोन डबे, केले, दोन्ही फाइलींतून कॉपी करून: नाव१ = "कुऱ्हाडे", नाव२ = "कुर्‍हाडे" (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नावही देवनागरीत चालतं, बऱ्याच जणांना माहीतच नसतं). नाव१ == नाव२ (दोन्ही सारखी आहेत का?) टाकलं तर फॉल्स, म्हणजे नाही. लेन, म्हणजे आत किती चिन्हं आहेत ती संख्या, काढली तर एकाची ८, दुसऱ्याची ९. आणि स्क्रीनवर बघाल तर काडीचा फरक नाही.

रेप्र (न दिसणारी चिन्हं उघडी करून दाखवणारी कमांड) लावल्यावर चोर सापडला. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१ (युनिकोडमधला त्याचा क्रमांक), पुढे हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग यू+२००डी, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, अक्षरांची जोडणी ठरवणारं चिन्ह, जे दिसतच नाही. स्ट्रिप फक्त कडेची स्पेस काढतं, हा पठ्ठ्या मधोमध बसलेला आणि तसाही स्पेसमध्ये मोडत नाही.

"मग रिप्लेसने उडवून टाकू ना सर!" उडवला, तर कुऱ्हाडेंचे कुर्हाडे झाले, ह च्या डोक्यावर रफार. तो जॉइनर होता म्हणूनच र चं रूप टिकून होतं.

यादीत तिसरा प्रकारही निघाला, र खाली नुक्ता (वेगळं टिंब). तो एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एकाच रूपात आणायची युनिकोडची पद्धत) ऱ होतो पण जॉइनरला एनएफसी हात लावत नाही. म्हणून आधी र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त आणि मग एनएफसी, आणि रिप्लेस नवीन स्ट्रिंग देतं त्यामुळे ती परत व्हेरिएबलमध्ये ठेवायची, नाहीतर जुनीच राहते.

संस्थेच्या मॅनेजरना फोनवर सांगितलं तर म्हणे, "साहेब, आम्हाला तर दोन्ही नावं सारखीच दिसतात." म्हटलं, मलाही.

पुन्हा चालवली तेव्हा न जुळलेल्यांत खरोखर खातं नसलेलेच उरले, शिवाय एक कुर्हाडे, ते संस्थेच्याच क्लार्कने तसं टाइप केलेलं, ते हाताने दुरुस्त केलं.