लेकीच्या विम्याचा आकडा काढताना

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घटस्फोटानंतर लेक माझ्याकडे असते आणि तिचा आरोग्य विमाही माझ्याच नोकरीतून आहे. हप्ता बराच वाढला, म्हणून चाइल्ड सपोर्टची, म्हणजे लेकीच्या खर्चासाठी तिच्या बाबांनी द्यायची, रक्कम बदलून घ्यायची ठरवली. कोर्टाचे कागद दोन संध्याकाळींत भरून झाले. अडकले ते एका आकड्यापाशी.

इथे हे गणित आठवड्याच्या हिशेबाने मांडतात. मुलाच्या विम्याचा खर्च चाइल्ड सपोर्टच्या मूळ रकमेत मिळवायचा आणि आईवडिलांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटायचा. मात्र सगळी कपात धरत नाहीत. मूल पॉलिसीत आहे म्हणून जे जास्तीचे भरावे लागतात, तेवढेच. माझ्या पे-स्टबवर (पगाराच्या चिठ्ठीवर) दर दोन आठवड्यांना १५८ डॉलर कापलेले दिसायचे. त्यात माझे किती आणि लेकीचे किती, कुठेच लिहिलेलं नाही.

ऑफिसात विमा वगैरे बघणाऱ्या बेनिफिट्स विभागाला ईमेल केला. पत्र आलं: कर्मचारी आणि मूल, १५८. परत लिहिलं, परत तेच पत्र, फक्त तारीख नवी. तिसऱ्यांदा म्हणाले, विमा कंपनीला विचारा. विमा कंपनी म्हणाली, तुमच्या ऑफिसला विचारा. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून फोन कानाला लावायचा, दर वेळी नव्या माणसाला घटस्फोटापासून सगळं सांगायचं. सहा आठवडे हेच चाललं. अजून आठवलं की संताप होतो. लेकीच्या हक्काचा एक आकडा हवा होता, कुणाची मेहरबानी नको होती.

आकडा मिळालाच नाही, तर एकूण हप्त्याला पॉलिसीतल्या माणसांच्या संख्येने भागतात. म्हणजे लेकीचे ७९. थकून मी तेच लिहिणार होते. तेवढ्यात पगार विभागातल्या एका बाईंना विचारलं, तर त्यांनी दहा मिनिटांत विम्याचं दरपत्रक पाठवलं. एकट्या कर्मचाऱ्याला ६२, मुलासकट १५८. म्हणजे लेकीचे ९६! आठवड्याला ४८, आणि तिच्या बाबांचा वाटा ६० टक्के, म्हणून २८.८० डॉलर. ७९ धरले असते तर आठवड्याला २३.७० मिळाले असते. वर्षाला २६५ डॉलरचा फरक.

तेव्हा पत्र मागू नका, दरपत्रक मागा. त्यात सगळ्या प्रकारांची कपात शेजारी शेजारी असते. विमा वडिलांच्या नोकरीतून असेल तर हाच आकडा त्यांच्या बाजूने धरतात, म्हणून तोही तपासून घ्या.

आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं: अर्ज दाखल करायला थांबू नका. अर्जाच्या तारखेच्या मागचा फरक साधारणपणे मिळत नाही. मी आकड्याची वाट बघत बसले, ते सहा आठवडे गेलेच.

डॉक्टरांच्या पावत्याही जपून ठेवा. विम्याने न दिलेल्या खर्चातले दर मुलामागे वर्षाचे पहिले २५० डॉलर मूळ रकमेतच धरलेले असतात. त्यावरचा खर्च दोघांत वाटला जातो, पण पावती दाखवावी लागते.