गेट्सहेडचा लोखंडी देवदूत

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून बस पकडली आणि गेट्सहेडच्या वेशीवर उतरले. समोरच्या टेकाडावर तो उभा होता, 'एंजल ऑफ द नॉर्थ'. हातांच्या जागी विमानासारखे आडवे पंख. उंची 20 मीटर, पंखांचा पसारा 54 मीटर, वजन 200 टन. आकडे वाचून गेले होते, पण पायाशी जाऊन मान वर केली तेव्हा छातीत धस्स झालं.

शिल्पकार अँटनी गॉर्मली तरुणपणी भारतात आणि श्रीलंकेत राहून बौद्ध ध्यान शिकलेले. देवदूताचं अंग त्यांनी स्वतःच्याच शरीराच्या साच्यावरून बेतलं.

माझे बाबा कोल्हापूरला फाउंड्रीत होते, त्यामुळे माझं लक्ष आधी लोखंडाकडेच जातं. जहाजाच्या सांगाड्यासारख्या फासळ्या बाहेरच ठेवल्यात. टाईन नदीकाठच्या जहाजबांधणीचीच आठवण येते. रंग गेरूचा. तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, एवढं काम करून रंग नाही मारला? गंज खाईल ना!"

मी सांगितलं, हे कॉर्टन स्टील आहे, यात थोडं तांबं असतं. वरचा गंज घट्ट धरून बसतो आणि आतलं लोखंड राखतो.

"कॅमेरा जवळ ने जरा," बाबा म्हणाले. मग बराच वेळ वेल्डिंगच्या शिवणी बघत राहिले. "हात बसलेल्या माणसांचं काम आहे."

या जागी पूर्वी कोळशाच्या खाणीची न्हाणीघरं होती. पाळी संपली की काळवंडलेले कामगार इथे अंग धुवायचे. 1998 च्या फेब्रुवारीत हार्टलपूलहून धड आणि दोन पंख वेगवेगळे, रातोरात रस्त्याने आणले. त्याआधी विरोधही खूप झाला होता. पंख 3.5 अंश पुढे झुकवलेत, कवेत घ्यायला निघाल्यासारखे. मला सगळ्यांत भिडला तो हा झुकाव.

आणि शेजारची झाडं. गेलेल्या माणसांच्या आठवणी लोकांनी फांद्यांना बांधल्यात: फोटो, चिठ्ठ्या, एक काळा-पांढरा फुटबॉलचा स्कार्फ. हे करा म्हणून कोणी सांगितलेलं नाही. आपल्याकडे नवसाच्या झाडाला बांधतात, तसंच. एक आजोबा रिबन बांधत होते, वाऱ्याने गाठ बसेना. मी फांदी धरून उभी राहिले.