मग लिनक्सच का टाकत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. "एवढा त्रास होतो, तर सरळ लिनक्स टाकून मोकळा का होत नाहीस?" हे मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, कर्वे रोडवर चहा पिताना विचारतात. विचारणारे बहुतेक स्वतः प्रोग्रामर असतात, म्हणून ओपनबीएसडी ही लिनक्ससारखीच, पण वेगळी संगणक प्रणाली आहे, एवढं सांगून पुढे जातो. मी तेच रोज वापरतो आणि लिनक्सवर लिहिलेले प्रोग्राम त्यावर चालते करतो. याला लोक हौस म्हणून सोडून देतात, ते माझ्या मनाला लागतं.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचा) ठरलेला पत्ता, फक्त ग्नू मेक या बांधणीच्या साधनाला समजणारी मेकफाइल, आवाजासाठी आल्सा आणि लॉगिनसाठी सिस्टमडी या लिनक्सवरच्या सोयी असणारच असं धरून चालणं, हे रोजचं आहे. तिथे निदान बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होणं, अडतं किंवा प्रोग्राम सुरूच होत नाही. चूक समोर दिसते, दुरुस्त करता येते.

जी दिसत नाही तिचं काय, हे नानाकाकांच्या बाबतीत कळलं. ते निवृत्त शिक्षक, राहतात नारायण पेठेत. मावळ-मुळशीकडचे शेतीतले शब्द गोळा करतात, एका शब्दाला एक फाइल. त्यांच्या जुन्या संगणकावर मी ओपनबीएसडी बसवून दिलं, कारण काही बिघडलं तर बघणारा मीच आणि मला ते नीट येतं. त्यात आजही मला काही वावगं वाटत नाही. टिपणं ठेवायला एक चांगला ओपन सोर्स प्रोग्राम होता. काका फोनवर शब्द सांगायचे, नात आपल्या लॅपटॉपवर टाइप करायची आणि रात्री दोन्हीकडच्या फाइली जुळवल्या जायच्या. ज्या फाइलवरची वेळ नंतरची, ती खरी.

काकांचा प्रोग्राम रात्रभर उघडाच असायचा. बाहेरून फाइल बदलली की त्याने ती पुन्हा वाचायला हवी. लिनक्सवर तो वाचतो. इथे तो जुनाच मजकूर धरून बसला, सकाळी काकांनी एखादा काना-मात्रा सुधारून जतन केलं की नातीने घातलेल्या नव्या मजकुरावर जुना बसला. रात्री तोच जुना मजकूर नंतरच्या वेळेमुळे तिच्या लॅपटॉपवरही गेला. भातशेतीचे शब्द, राब भाजण्यापासून आवणीपर्यंतचे, एका आजींनी सांगितलेले. कागदावर काहीच नव्हतं. काका पुन्हा मुळशीला गेले. आजींना काही शब्द दुसऱ्यांदा आठवले नाहीत.

मी कोड उघडला. फाइलवर नजर ठेवणारा भाग लिनक्ससाठी आयनोटिफाय ही फाइल बदलल्याचं कळवणारी लिनक्सची सोय वापरून लिहिलेला होता. बाकी सगळ्या प्रणालींसाठी तेच फंक्शन रिकामं होतं आणि शून्य परत करत होतं. शून्य म्हणजे सगळं ठीक. त्या जागी "ही सोय इथे नाही" एवढं सांगून बिल्ड थांबलं असतं, तर मी त्याच दिवशी जागा झालो असतो.

केक्यू ही ओपनबीएसडीवरची तशीच सोय वापरून मी तो भाग लिहिला. केक्यू ओपनबीएसडीच्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीत २००० साली आलं, आयनोटिफाय लिनक्सच्या गाभ्यात २००५ साली. पण घडण वेगळी. आयनोटिफायला फोल्डर दाखवलं की आतल्या फाइलींचे बदल कळतात, केक्यूला मजकुरातला बदल कळण्यासाठी ती ती फाइल उघडून धरावी लागते. काकांच्या हजारो फाइली तशा धरल्या तर उघड्या फाइलींची मर्यादाच संपते. म्हणून फक्त फोल्डरवर नजर ठेवली आणि जतन करण्याआधी फाइलची वेळ पुन्हा तपासायची असं केलं. हा बदल, म्हणजे पॅच, मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना पाठवला. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: आमच्याकडे ही प्रणाली नाही, तपासता येत नाही, पॅच तुमच्याकडेच ठेवा.

मला राग आला होता. आज ते उत्तर वाचताना वाटतं, त्यांनी पॅच घेतला असता आणि मी उद्या हे काम सोडलं असतं, तर तो कोड कुणी सांभाळायचा? पण वेळ तपासायची ती एक ओळ लिनक्सवरही उपयोगाची होती. ती तरी घ्यायची.

पूर्वी मी तावातावाने सांगायचो की सगळ्यांनी पॉझिक्स, म्हणजे अशा प्रणालींसाठी ठरवलेलं सामाईक प्रमाण, पाळलं की झालं. तेव्हाच्या माझ्याशी आता माझंच पटत नाही. फाइल बदलल्याची सूचना पॉझिक्समध्ये नाही. आवाज नाही, पडद्यावरच्या खिडक्या नाहीत. डेस्कटॉप बराचसा प्रमाणाबाहेरच उभा आहे. तरी दुसऱ्या प्रणाली असाव्यात, हे मी सोडणार नाही. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये ३२ बिटी यंत्रांवरही वेळेचा आकडा ६४ बिटी केला आणि वेळ ३२ बिटांत मावते असं धरून चाललेले कितीतरी प्रोग्राम पोर्ट करणाऱ्यांना, म्हणजे ते दुसऱ्या प्रणालीवर चालते करणाऱ्यांना, दुरुस्त करावे लागले. ३२ बिटांतली वेळेची मोजणी २०३८ मध्ये संपते, ती अडचण लिनक्सवाल्यांचीही होती.

परवा त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. तो सगळा भाग नव्याने लिहिलाय, माझा पॅच त्यावर बसत नाही. काकांनी विचारलं, "अरे, बाकीचे वापरतात ते आपल्याला का नको?" तुम्हाला एवढं ऐकवणाऱ्या मला त्यांच्याशी वाद घालवला नाही. येत्या रविवारी त्यांच्या संगणकावर लिनक्स बसेल. माझ्या संगणकावर ओपनबीएसडीच राहील, आणि पॅच मी पुन्हा लिहितोय, कारण तो पोर्ट वापरणारे काका एकटेच नाहीत.