बालभारती ते पौड फाटा: रेघ ओढण्याआधी विचारायचे प्रश्न

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्याला पर्याय म्हणून बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत नवा रस्ता करावा की करू नये, हा वाद दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. प्रस्तावित रस्त्याची लांबी दोन किलोमीटरच्या थोडी वर. सेनापती बापट रस्त्यावर पाठ्यपुस्तक मंडळाच्या इमारतीजवळून निघून, विधी महाविद्यालयाच्या मागच्या टेकडीच्या, म्हणजे वेताळ टेकडीच्याच एका भागाच्या, अंगाने तो केळेवाडी या वस्तीच्या बाजूला उतरायचा आहे. एवढ्याशा अंतरापायी निवेदने झाली, तज्ज्ञांचे अहवाल झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवा म्हणत हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. ज्या शहरात कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरूनही दोन तट पडतात, तिथे यात नवल नाही. पण इतकी वर्षे भांडून झाल्यावरही दोन्ही बाजूंचे लोक एका टेबलाशी बसून एकच नकाशा पाहताना मला कधी दिसलेले नाहीत, आणि या लेखाचे कारण तेच आहे.

आधी लॉ कॉलेज रस्त्यावर राहणाऱ्यांची बाजू मांडतो, कारण टेकडीप्रेमी मंडळींच्या सभांमध्ये ती सहसा मांडली जात नाही. १९१७ सालची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, १९२४ सालचे विधी महाविद्यालय, १९६० सालची फिल्म इन्स्टिट्यूट, शिवाय चित्रपट संग्रहालय, असे सगळे एकाच रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसले, तेव्हा हा रस्ता कोथरूड आणि शिवाजीनगर यांच्यातला मुख्य दुवा होईल असे कोणी धरले नव्हते. पुढे कोथरूड, वारजे, बावधन वाढत गेले आणि तिकडून सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ, औंध गाठू पाहणारी वाहने नळ स्टॉपवरून या रस्त्यात शिरू लागली. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात तिथल्या सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढणे म्हणजे कोणाच्या तरी दयेवर अवलंबून राहणे. प्रभात रस्त्याच्या आणि भांडारकर रस्त्याच्या गल्ल्यांतून आडवाटेने सुटणाऱ्या दुचाक्यांमुळे तिथल्या वृद्धांनी सायंकाळचे फिरणे सोडून दिले आहे. ‘आम्हाला पर्यायी रस्ता हवा’ असे ही माणसे म्हणतात तेव्हा ती टेकडीची वैरी नसतात, आणि त्यांना तसे रंगवणे अन्यायाचे आहे.

तरीही रस्ता झाला तर त्यांची सुटका होईल का, याचे उत्तर नुसत्या इच्छेवर अवलंबून नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरचे वाहन कुठून निघाले आणि कुठे चालले आहे, हे मोजल्याशिवाय त्यातले किती नव्या रस्त्याने जाईल ते सांगता येत नाही. ज्याला कर्वे रस्त्यावरून डेक्कनला जायचे आहे त्याला या रस्त्याचा उपयोग शून्य. ज्याला पौड रस्त्यावरून औंधकडे जायचे आहे त्याला उपयोग आहे. पण तो टेकडीपलीकडे उतरल्यावर सेनापती बापट रस्त्याच्या त्याच सिग्नलला उभा राहणार, जिथे तो आजही उभा राहतो. शिवाय जगभरच्या शहरांचा अनुभव असा की गर्दीच्या भागात नवा रस्ता मिळाला की पूर्वी गाडी न काढणारेही गाडी काढू लागतात आणि काही वर्षांत जुनी कोंडी परत येते. म्हणजे पर्यायी रस्ता कधीच बांधू नये असे मी म्हणत नाही. रस्ता कोणत्या प्रवासासाठी पर्याय आहे हे आधी ठरवा, असे म्हणतो.

आणि हे ठरवण्याची जागा आपल्या कायद्यात फार उशिरा येते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार होतो, तो कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी ठरावीक मुदत मिळते. मग स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार यांची नियोजन समिती सुनावणी घेते. मंजूर आराखड्यात नंतर बदल करायचा तर कलम ३७ ची वाट आहे, तिथेही सूचना-हरकती मागवाव्या लागतात. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्त रस्त्याची नवी प्रमाणरेषा, म्हणजे रस्त्याच्या कडेची हद्द, ठरवू शकतात, त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात आणि त्या रस्त्यावर सूचना लावणे आवश्यक आहे. कागदावर हे सगळे चोख आहे. मात्र या प्रत्येक वाटेवर नागरिकाला बोलावले जाते ते रेघ ओढून झाल्यावर. मग त्याच्या हाती उरते फक्त ‘हरकत’, आणि ‘सूचना’ हा शब्द नोटिशीतल्या जोडशब्दापुरता राहतो.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आणि सूचना दाखल झाल्या. लोक किती जागरूक आहेत, असे त्या वेळी कौतुक झाले, आणि ते खोटे नव्हते. पण तो आकडा मला उलट्या बाजूनेही वाचावासा वाटतो. आराखडा तयार होत असतानाच प्रभागाप्रभागांत चर्चा झाली असती, तर एवढ्या लोकांना लेखी हरकत घेण्याची वेळ का आली असती? हजारो माणसांची सुनावणी घ्यायची म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला मिनिटेच येतात. त्यात एकाच मजकुराच्या छापील अर्जांचे गठ्ठे असले की ते एकत्र धरून निकाली निघतात. आपल्या सोसायटीत सह्या गोळा करणाऱ्या उत्साही मंडळींना हे सांगून ठेवतो: शंभर जणांच्या सहीच्या एकाच मजकुरापेक्षा नकाशाचा भाग, सर्व्हे नंबर, नेमका आक्षेप आणि पर्यायी आखणीचे रेखाटन असलेली दहा वेगवेगळी पत्रे अधिक जड भरतात.

इथे मला खेड्यातल्या पाणंदीची आठवण येते. माझे आजोळ सातारा जिल्ह्यातले. शेतावर बैलगाडी न्यायला वाट नाही म्हणून एखाद्याने तहसीलदाराकडे अर्ज केला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट देता येते; आणि ती देण्याआधी चौकशी करावी लागते, लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा जातात, स्थळपाहणी होते, पंचनामा होतो. वहिवाट कोणती होती, कोणाचे कमीत कमी नुकसान होईल, बैलजोडी वळेल का, हे बांधावर उभे राहून पाहिले जाते. भांडणे तिथेही होतात, पिढ्यान्‌पिढ्या चालतात, हे मी घरात पाहिले आहे. पण आठ-दहा फुटांच्या वाटेसाठी अधिकारी बांधावर येतो, आणि शहरात टेकडी कापून जाणाऱ्या प्रशस्त रस्त्यासाठी सर्वसामान्य रहिवाशाला आखणीवर एकदाही चालवले जात नाही, ही विसंगती मला पचत नाही. पाणलोटाच्या कामात गावे शिवारफेरी काढतात. सगळे गाव ओढ्याकाठाने चालते आणि बंधारा कुठे घालायचा ते जागेवर ठरते. रस्त्यासाठी तशी फेरी का नसावी?

अशी एक लहानशी फेरी आम्ही शेजारची काही मंडळी मिळून मागच्या पावसाळ्यात करून आलो. कोणाचे बोलावणे नव्हते. वर्तमानपत्रातला नकाशा मोठा करून छापून घेतला होता, बरोबर एक निवृत्त ओव्हरसियर होते, आणि केळेवाडीच्या बाजूने आम्ही वर निघालो. नकाशावर पांढरा दिसणारा भाग जागेवर पांढरा नव्हता. उताराने पावसाचे पाणी तीन वेगळ्या ओघळींतून खाली येत होते, आणि त्यातली एक ओघळ थेट वस्तीच्या वरच्या घरांमागे उतरत होती. ओव्हरसियरकाका छत्रीच्या टोकाने ती दाखवत म्हणाले, ‘इथे भराव टाकला आणि रस्त्याखालची मोरी लहान ठेवली, तर हे पाणी कुठे जाईल ते मला सांगा.’ पाणी कुठे जाईल ते आम्हा सगळ्यांना समोर दिसतच होते. वरच्या अंगाला गिरिपुष्पाची लागवड, मध्येच एखादा जुना देशी वृक्ष, पायवाटेवर मोरांची विष्ठा. जे टेकडीवर रोज येतात त्यांना यात नवे काही नाही, पण आमच्यातले दोघे रस्त्याचे कट्टर समर्थक होते आणि कोथरूडमध्ये जन्म काढूनही या बाजूने पहिल्यांदाच वर आले होते.

परत येताना वस्तीतल्या एक मावशी नळाशी भांडी घासत होत्या. हातातला नकाशा पाहून त्यांनी विचारले, ‘काय हो दादा, ह्यो रस्ता झाला तर त्याच्यावरनं बस जाणार का? का नुसत्या गाड्याच?’ त्या सेनापती बापट रस्त्यावरच्या बंगल्यांत आणि कचेऱ्यांत कामाला जातात. आज दोन बस बदलतात किंवा टेकडीच्या पायवाटेने चालत जातात. आमच्यापैकी कोणालाही त्यांचे उत्तर देता आले नाही. समर्थकांच्या पत्रकात मिनिटे वाचण्याचा हिशोब असतो, विरोधकांच्या पत्रकात झाडांचा आणि भूजलाचा. पण या रस्त्याने, किंवा त्याच्याऐवजी दुसऱ्या कशाने, रोज पायी टेकडी ओलांडणाऱ्या बाईची सोय होईल का, हा प्रश्न मी तरी दोन्हीकडच्या कागदांत वाचलेला नाही. शेजारपाजारचा सहभाग म्हणजे फक्त सोसायटीच्या चेअरमनांचा सहभाग, असे आपण नकळत धरून चालतो. वस्तीतल्या लोकांना नोटीस पोचते ती बहुधा मोजणीची, चर्चेची नाही.

असा सहभाग घडवण्याची चौकट आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. नगरराज कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २००९ सालच्या दुरुस्तीने महापालिका क्षेत्रात क्षेत्रसभेची तरतूद आली. प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसावे, नगरसेवकाने ती सभा बोलवावी, परिसरातल्या कामांचा अग्रक्रम तिथे ठरावा, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पुण्यात २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण तिचा आवाका बाक, पदपथ, दिवे आणि बसथांब्याचे छप्पर एवढाच. बाक कुठे ठेवायचा ते आम्ही सांगायचे आणि टेकडी कुठे कापायची ते मात्र दुसऱ्याने, अशी ही वाटणी आहे. त्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे नेमक्या ज्या काळात हा रस्ता पुन्हा तापला, त्या काळात विचारायला दारात नगरसेवकही नव्हता.

माझी मागणी मोठी नाही. निविदेच्या आधी लॉ कॉलेज रस्ता, पौड फाटा, नळ स्टॉप आणि सेनापती बापट रस्ता या चार ठिकाणी वाहनांची मोजणी व्हावी, तीही कुठून कुठे जाणारे वाहन आहे अशी, आणि त्याचे आकडे मराठीत क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागावेत. त्या आकड्यांशेजारी किमान तीन पर्याय मांडले जावेत: प्रस्तावित आखणी, टेकडीला हात न लावता चौकांची सुधारणा आणि फेऱ्या वाढवलेली बससेवा, आणि काहीच केले नाही तर काय होईल. तिन्हींचा खर्च आणि तिन्हींनी कोणाचा किती वेळ वाचतो, हे एकाच कागदावर हवे. त्यानंतर फक्की टाकून आखणी जागेवर दाखवावी आणि तिच्यावरून लोकांना चालत न्यावे, एकदा सकाळी आणि एकदा भर पावसात. मेट्रो नळ स्टॉपला आणि वनाझला पोचून काही वर्षे झाली आहेत. तिच्या स्थानकांपासून सेनापती बापट रस्त्यापर्यंत दर दहा मिनिटांनी छोटी बस सहा महिने चालवून पाहिली, तर त्यावर होणारा खर्च रस्त्याच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे: सगळ्यांना विचारत बसलो तर या शहरात एकही काम होणार नाही. पण न विचारता जे केले त्याचे काय झाले? दोन दशके गेली, रस्ता झालेला नाही, टेकडी निर्धास्त नाही आणि लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी वाढलेलीच आहे. फेरी, मोजणी आणि सभा यांना वर्ष लागले असते असे धरले, तरी ते वर्ष कधीच वसूल झाले असते.

आमच्या त्या फेरीतल्या दोन समर्थकांपैकी एकाचे मत अजूनही रस्ता हवाच असे आहे, मात्र तो आता वस्तीवरच्या मोरीचा व्यास विचारतो. दुसऱ्याने माहितीच्या अधिकारात वाहनमोजणीची प्रत मागणारा अर्ज लिहून ठेवला आहे. त्यात कोणत्या चौकांची आणि कोणत्या वेळची मोजणी मागायची, हे येत्या रविवारी आम्ही एकत्र बसून ठरवणार आहोत. केळेवाडीतल्या मावशींनाही तेव्हा बोलावले आहे.