पूर्णा ते धाम: तीन दिवसांची पाणी-फेरी, खारपाणपट्ट्यातून

अकोल्याहून अकोट रस्त्याने निघालं की गांधीग्रामजवळ पूर्णा लागते. पहिला थांबा तिथेच ठेवावा, कारण पुढे गावागावांत जे दिसतं त्याचा हिशेब शेवटी नदीत जमा होतो. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला. तिसऱ्या दिवशी गाठायची पवनारची धाम नदी मात्र वर्धेच्या खोऱ्यातली. तिचं पाणी प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात जातं. अमरावती जिल्ह्यातच पाणलोट दुभंगतो. विदर्भाला किनारा नाही, पण आपल्या नाल्यांचा माल दोन समुद्रांना जातो. सगळाच पोचतो असं नाही. गाळ बराचसा तापीवरच्या उकाईसारख्या धरणात बसतो. खतांतून आणि मैल्यातून उतरलेलं, पाण्यात विरघळलेलं नायट्रेट मात्र धरणात बसत नाही.

जायचं ते दिवाळीनंतर, फेब्रुवारी संपायच्या आत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत मोटारसायकल रुतते आणि उन्हाळ्यात हापश्या कोरड्या पडतात. सोबत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), क्लोरीन तपासायची ओटीची बाटली, जंतूंसाठी एच-टू-एसच्या कुप्या, मोजपट्टी आणि एक लिटरच्या स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. प्यायचं पाणी घरूनच न्यावं. पूर्णेच्या दोन्ही काठांवरचं पाणी पाहुण्याच्या पोटाला मानवतंच असं नाही.

खारपाणपट्टा म्हणजे सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांमधला पूर्णेचा गाळाचा पट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय. इथला क्षार आजच्या समुद्राचा नव्हे. खोल गाळातल्या चिकणमातीच्या थरांत अडकलेल्या पाण्याला निचराच नाही. त्यामुळे एकाच गावात एक विहीर चालण्याजोगी आणि पन्नास पावलांवरची बोअर तोंडात धरवत नाही, असं सर्रास आढळतं. म्हणून गावाचं पाणी ‘खारं’ की ‘गोड’ असा एक शेरा लिहून आणू नका. प्रत्येक स्रोत वेगळा मोजा. हापशी आधी चार-पाच मिनिटं हापसा, मीटर त्याच पाण्याने धुवा, मगच आकडा घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. नायट्रेटची मर्यादा ४५, आणि तिथे सवलत नाही. पाणी उकळून क्षार किंवा नायट्रेट जात नाही, उलट आटल्यामुळे दाट होतं. हे चुलीपाशी बसलेल्या ताईला समजावून सांगणं मीटर दाखवण्यापेक्षा उपयोगाचं.

आता जागोजागी आरओ, म्हणजे पाण्यातला क्षार वेगळा काढणारी यंत्रं, बसलेत. जारमधलं पाणी मीटरवर शे-दीडशे दाखवतं आणि सगळे निर्धास्त होतात. इथे फसगत आहे. मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. आरओच्या आधी कार्बनचा फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे जारमध्ये भरलेल्या पाण्याला राखण उरत नाही. जार आतून घासलेला नसला, तोटी मळकी असली, की ते पाणी सहज बिघडतं. आणि यंत्र क्षार नाहीसा करत नाही, फक्त वेगळा काढतं. तो दाट झालेला पाण्याचा भाग बहुतेक ठिकाणी मागच्या नालीत सोडलेला दिसेल. निदान तो भांडी-धुण्याला, संडासाला वळवावा. वावरात सोडू नये, काळी जमीन आणखी कडक होते.

वान आणि शहानूर धरणांवरून नळयोजना आल्यापासून बऱ्याच गावांना गोडं पाणी मिळतं. ते रोज येत नाही, आणि दुखणं इथूनच सुरू होतं. दाब कमी म्हणून लोक अंगणात दोन-अडीच फुटांचा खड्डा खणून तोटी त्यात उतरवतात. पाणी बंद झालं की खड्ड्यात सांडपाणी साचतं. पाइप रिकामा होताना आत ओढ बसते आणि तेच पाणी नळातून मागे जातं. टुल्लू पंप लावला की ही ओढ दुप्पट. गावात पाहायची पहिली गोष्ट हीच: किती घरांत नळाचा खड्डा आहे आणि नळाचा पाइप किती ठिकाणी नालीतून गेलाय.

टाकीवर टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, कोण टाकतं ते पंचायतीच्या सचिवाला विचारा, म्हणजे जलसुरक्षक किंवा चपराशी भेटेल. प्रमाण साधं आहे: हजार लिटरला ५ ग्रॅम. पन्नास हजारांच्या टाकीला पाव किलो. विहिरीत किती लिटर पाणी आहे ते काढायचं सूत्र असं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५. तीन मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे १४० ग्रॅम पावडर. पावडर तशीच ओतू नये. बादलीत आधी लापशीसारखी कालवावी, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावी, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ तेवढं टाकीत ओतावं. अर्ध्या तासाने पाणी नळांना सोडावं. शेवटच्या घरच्या नळाला ओटीने पिवळेपणा यायला हवा, निदान लिटरला ०.२ मिलिग्रॅम. टाकीपाशी रंग येतो आणि शेवटच्या घरी येत नाही, तर मधे कुठेतरी घाण आत शिरतेय. कुठेच येत नसेल, तर उघड्या पोत्यातली पावडर मेलेली असते. तिच्यात २० टक्क्यांच्या खाली क्लोरीन उरला की ती नुसता चुना.

दुसरा दिवस दर्यापूर ते अमरावती रस्त्यावर घालवावा, संडासांसाठी. हा भाग सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण कागदावर संडासांचे आकडे पूर्ण असलेल्या गावातही खड्डे चुकलेले असतात. पद्धत दोन शोषखड्ड्यांची. पाच-सहा माणसांच्या घराला एक मीटर व्यासाचा आणि साधारण सव्वा मीटर खोल, असे दोन गोल खड्डे, मधे किमान एक मीटर अंतर. जाळीदार विटकाम, पण वरचा फूटभर भाग भरीव. तळाला सिमेंट नाही. खड्डा गोलच हवा: काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि चौकोनी भिंतीला मधोमध तडा देते. याच मातीत पाणी मुरतही नाही, म्हणून विटकामाच्या बाहेरून सगळीकडे फूटभर जाडीचा रेती-गिट्टीचा थर भरावा लागतो. पैसे वाचवायला नेमका तोच गाळला जातो आणि पहिल्याच पावसात भांडं उलटं वाहू लागतं. विहिरीपासून किमान १० मीटर, सातपुड्याच्या पायथ्याशी फुटका खडक असेल तर बरंच लांब.

लोकांना दहा फुटांचा एकच खड्डा आवडतो, ‘पिढीभर भरत नाही’ म्हणून. भरत नाही कारण तो भूजलाला भिडलेला असतो. दोन खड्डे असले तरी चेंबर, म्हणजे भांड्याकडून येणारा पाइप जिथे दोन्ही खड्ड्यांकडे फुटतो ती कुंडी, उघडून बघा. दोन्ही तोंडं मोकळी असतील तर दोन्ही सोबतच भरणार. एकाचं तोंड विटेने आणि चिखलाने बुजवायचं, पहिला भरायला चार-पाच वर्षं लागतात, मग बदलायचं. भरलेला खड्डा निदान दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत कोरडं, वासरहित खत होतं. तो विसावा मिळाला नाही की टँकर बोलवावा लागतो आणि टँकर कुठे रिकामा होतो हे नाल्याच्या काठावर दिसतं. शोषखड्ड्याला वासाचा पाइप लागत नाही, वायू मातीत जिरतो. गवंडी तो हौसेने लावतात आणि माशांना वाट करून देतात. भांडं ग्रामीणच, उताराचं, दोन लिटरमध्ये धुतलं जाणारं. पाणी विकत घेणाऱ्या गावात जास्त पाणी मागणारं सपाट शहरी भांडं लावलं तर संडास वापराविना पडतो, आत गुरांची ढेप आणि कुटार भरलेलं दिसेल.

खारपाणपट्ट्यातली एक खास चूक: झाकणाचा स्लॅब बोअरच्या पाण्यात ओतणं. सळईच्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावं. वर गेलं की सळई गंजते, फुगते आणि झाकण फुटतं. अशा झाकणावर फेरीत पाय देऊ नका.

वाटेतच पूर्णेकाठचं ऋणमोचन आहे. पौषातल्या इथल्या यात्रेत गाडगेबाबा हातात खराटा घेऊन घाट झाडत. पुढे वलगावला पेढी नदीपाशी २० डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं. घाटावर आज काय पडलंय ते मोजून लिहावं: पत्रावळी कमी, गुटख्याच्या पुड्या आणि थर्माकोल जास्त. नाल्यात कापसाच्या फवारणीच्या बाटल्याही सापडतील. बाटली तीनदा विसळायची, विसळलेलं पाणी पंपातच ओतायचं, मग भोक पाडून बाटली वेगळी ठेवायची, हे सांगण्याची जागा वावराचा धुरा (बांध) आहे, सभागृह नव्हे.

पवनारला फार वेळ लागत नाही. इथली माती आणि मुरूम पाणी पितात, म्हणून सांडपाण्याचा चार-चार फुटांचा दगड भरलेला खड्डा इथे चालतो. तोच दर्यापुरात महिनाभरात तुंबतो. काळ्या मातीत सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या जागेत, केळी-अळू लावून नालीचं पाणी तिकडे वळवावं, आणि उरलेल्या सांडपाण्यासाठी गावाच्या टोकाला उथळ तळं.

नमुने घेण्याचा दिवस आधी ठरवा. रासायनिक तपासणीला एक लिटर पुरतं. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणावी, बर्फात ठेवावी आणि चोवीस तासांत जिल्ह्याच्या ठिकाणी पोचवावी. म्हणून फेरी सोमवारी सुरू करा. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारी कुणी तपासत नाही.