वालेन्सियाच्या ओट्यावरची रोजनिशी

सोमवार

काबुली चणे भिजत घालायचे, तर आधी पाण्याचा विचार. स्पेनमधल्या वालेन्सियाच्या नळाला येणारं पाणी तुरिया आणि हुकार या नद्यांचं, चुनखडीच्या मुलखातून वाहत आलेलं, त्यामुळे भलतंच जड. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, चहावर तवंग धरतो आणि कडधान्यं कितीही वेळ शिजवली तरी आतून कचकचीत राहतात. पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याला, घट्ट धरून बसतं, ते सुटत नाही आणि दाणा मऊ पडत नाही. माद्रिदचं पाणी हलकं आहे, तिथे राहणाऱ्यांना हा त्रास नाही. त्यामुळे माद्रिदहून कुणी सांगितलेल्या वेळा इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

उपाय साधे आहेत. एक लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून त्यात चणे बारा तास भिजवायचे. मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपल्याकडे ऐकून असतो, पण भिजवण्याच्या पाण्यात ते उलट उपयोगी पडतं, कारण सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं. भिजवल्यावर ते पाणी टाकून द्यायचं. शिजवताना लिटरमागे पाव चमचा खायचा सोडा. त्याहून जास्त घातला तर सालं सुटतात आणि साबणासारखी चव येते. सोडा नको असेल तर बाटलीचं पाणी घ्यावं. लेबलवर ‘रेसिदुओ सेको’, म्हणजे पाणी आटल्यावर मागे उरणाऱ्या क्षारांचा आकडा असतो, तो लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असलेलं पाणी उत्तम.

चण्यांचेही प्रकार आहेत. पेद्रोसियानो लहान, गुळगुळीत, पातळ सालीचा. उसळीत तो आकार सोडत नाही. लेचोसो मोठा आणि सुरकुतलेला, लोण्यासारखा शिजतो, छोल्यांना तोच घ्यावा. इथल्या बायका चणे नेहमी गरम पाण्यात सोडतात, मध्ये पाणी घालायचं झालं तर तेही उकळतं. पांढऱ्या घेवड्याच्या बियांना मात्र गार पाण्यातून सुरुवात. हा नियम पाळावा, त्यात पिढ्यांचा अनुभव आहे.

मंगळवार

प्रेशर कुकर ही स्पेनला मुळीच परकी वस्तू नाही. सारागोसाच्या होसे अलिक्स मार्तिनेस यांनी १९१९ साली ‘ओया एक्सप्रेस’चं पेटंट घेतलं. पण आजच्या स्पॅनिश कुकरला शिट्टी नाही. झाकणावर एक दांडी वर येते, तिच्यावर एक किंवा दोन रेघा दिसतात. दुसरी रेघ दिसली की आच कमी करायची आणि तिथून मिनिटं मोजायची. शिट्ट्यांची सवय असलेल्यांचं इथेच चुकतं. आच मोठीच राहते, वाफ सतत फुसफुसत जाते, पाणी आटतं आणि डाळ तळाला लागते.

दुसऱ्या रेघेपासूनच्या वेळा लिहून ठेवाव्यात अशा: मसूर डाळ न भिजवता पाच मिनिटं, अर्धा तास भिजवलेली तूर नऊ ते दहा, रात्रभर भिजवलेले चणे वीस. वाफ आपोआप जिरू द्यायची. भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, सामानात त्याचं वजन वाहू नये.

तुरीची डाळ साध्या सुपरमार्केटात नसते, रुसाफा भागातल्या आशियाई दुकानांत शोधावी लागते. रोजच्या वरणाला ‘लेन्तेहा रोहा’ म्हणजे आपली मसूर डाळ कुठेही मिळते. मूग ‘सोहा व्हेर्दे’ या नावाने विकतात, त्यामुळे समोर असून ओळखू येत नाहीत. मटकीच्या जागी मी पार्दिना जातीचा बारीक तपकिरी मसूर वापरते. आठ तास भिजवून फडक्यात बांधला की दीड दिवसात बोटाच्या पेराएवढे मोड येतात. थंडीत पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून ठेवावी. मोड आलेला पार्दिना कढईत झाकण ठेवून दहा मिनिटांत शिजतो, कुकरमध्ये घातला तर लगदा.

गुरुवार

आज फक्त पोळ्या.

इथलं ‘आरिना इंतेग्राल’, म्हणजे कोंड्यासकटचं गव्हाचं पीठ, ही आपली कणीक नव्हे. आपल्या चक्कीत गहू दगडांमध्ये भरडला जातो, स्टार्चचे कण घासून तुटतात आणि असं पीठ भरपूर पाणी पितं, म्हणून पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. इथलं बहुतेक पीठ पोलादी रुळांवर दळतात, कोंडा वेगळा काढतात आणि मागाहून परत मिसळतात. कोंड्याचे ते धारदार तुकडे ग्लुटेनच्या जाळ्याला कापतात, म्हणून कडा फाटतात. पाणी कमी धरल्याने पोळी गार झाली की पापडासारखी कडक होते.

नुसतं ‘आरिना दे फुएर्सा’ घेऊनही भागत नाही. ते पावाचं पीठ, त्यात प्रथिनं बारा-तेरा टक्के, लाटलेली पोळी पोळपाटावर पुन्हा आक्रसते. माझ्या मते सर्वांत चांगलं जमतं ते असं: दोनशे ग्रॅम इंतेग्राल बारीक चाळणीने चाळून जाड कोंडा काढायचा, त्यात शंभर ग्रॅम साधं पांढरं गव्हाचं पीठ, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल आणि साधारण १९० मिलिलिटर कोमट पाणी. मळताना गोळा सैल वाटला तरी वरून पीठ घालू नये. झाकून निदान चाळीस मिनिटं ठेवायचा, तेवढ्यात कोंडा पाणी पिऊन मऊ होतो. मग तेलाचा हात लावून पुन्हा दोन मिनिटं मळायचं. आशियाई दुकानात आट्याची मोठी पिशवी मिळाली तर प्रश्नच मिटतो, पण उन्हाळ्यात वालेन्सियाच्या दमट हवेत तिला लवकर किडे लागतात. हवाबंद डब्यात, जमलं तर फ्रिजमध्ये ठेवावी.

पुढची अडचण आचेची. काचेच्या शेगडीवर ज्वाळा नाही, त्यामुळे फुलका जाळीवर फुगवता येत नाही. इंडक्शनवर तर जाळी ठेवून उपयोगच नाही. पोळी तव्यावरच फुगवावी लागते. पहिली बाजू पंधरा-वीस सेकंद, रंग बदलेपर्यंतच. दुसरी बाजू तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग उलटून फडक्याने कडेकडेने दाबत फिरवायचं. पहिली बाजू जास्त भाजली तर ती कडक होते, वाफ कुठूनतरी फटीतून निसटते आणि पोळी फुगत नाही.

तवा लोखंडी, सपाट बुडाचा, आणि खालच्या गोलाइतकाच रुंद. गोल लहान असला तर मध्ये जळतं, कडा कच्च्या. थंड तव्यावर एकदम पूर्ण आच दिली तर पातळ लोखंड मधोमध फुगून वाकतं आणि मग शेगडीवर भिंगरीसारखं फिरतं. मध्यम आचेवर पाच मिनिटं तापू द्यावा. जुन्या घरांत अजून साडेबारा किलोच्या नारिंगी सिलिंडरवरची शेगडी असते. भाडेकरू तिला नाकं मुरडतात, मला मात्र पोळ्यांसाठी तिच्याइतकं चांगलं दुसरं काही वाटत नाही.

शनिवार

मेर्कादो सेंत्रालला सकाळीच जावं. १९२८ साली सुरू झालेला हा बाजार दुपारी तीनला बंद होतो आणि रविवारी उघडतच नाही. सोमवारी मासळी घेऊ नये, रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत. वजन सांगताना ‘क्वार्तो इ मिताद’ म्हटलं की ३७५ ग्रॅम मिळतं, पाव किलो आणि त्याच्या निम्मं. दोघांच्या कालवणाला बरोबर.

कावाया हा बांगड्याचाच भाऊबंद, पण जास्त तेलकट. त्याच्या कालवणात नारळ निम्मा करावा आणि आंबट वाढवावं. कोकम नसेल तर चिंच, ती लॅटिन अमेरिकी दुकानांत मिळते. बोकेरोन मांदेलीसारखे रव्यात घोळवून तळले की कुरकुरीत होतात. मासेवाल्याला सांगितलं तर तो डोकं आणि आतडी काढून देतो. तिसऱ्यांसाठी आल्मेहास. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ घालून दोन तास ठेवल्या की वाळू सोडतात. साध्या पाण्यात ठेवल्या तर मरतात आणि वाळू आतच राहते.

भाज्यांत फेर्राउरा म्हणजे चपटा घेवडा. पाएया या इथल्या भाताच्या पदार्थासाठी ओळखला जातो, पण दाण्याचं कूट घालून केलेल्या भाजीला तो अगदी योग्य. कुटासाठी पाकिटातले खारे तळलेले दाणे घेऊ नयेत, त्यांच्या तेलाने कूट गोळा होतं. इथे ‘काकाउ देल कोल्यारेत’ नावाचा स्थानिक शेंगदाणा मिळतो, सालासकट भाजलेला. सोलून कुटला की सुरेख सुटा राहतो. गारोफो हे पाएयातलं दुसरं कडधान्य, मोठं, चपटं, पांढरं. रात्रभर भिजवून पाणी टाकायचं, साल चिमटीने निघते, मग झाकण न ठेवता उकळायचं. ओलं खोबरं, गूळ, चिंच घालून त्याचं बिरडं होतं. वालाचा कडूपणा त्यात नाही, पण मऊसूतपणा तोच.

तिखटाबद्दल एक सावधगिरी. पिमेंतोन म्हणजे इथली लाल मिरचीची पूड. पिमेंतोन दे ला वेराच्या मिरच्या ओकच्या धुरावर साधारण दोन आठवडे वाळवतात. आमटीत अर्धा चमचा घातला तरी सगळी आमटी धुराची लागते. रंगासाठी मुर्सियाचं पिमेंतोन घ्यावं, त्याला धूर नसतो. दोन्ही गरम तेलात काही सेकंदांत करपून कडू होतात. कढई आचेवरून उतरवल्यावरच घालावं.

रविवार

ओव्हनची कामं आज. २०२१ च्या जूनपासून घरगुती विजेचे तीन भाव आहेत: सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा सर्वांत महाग, रात्री बारा ते सकाळी आठ स्वस्त, शनिवार-रविवार पूर्ण दिवस स्वस्त, उरलेले तास मधल्या भावाचे. एकाच दराचा करार असेल तर फरक पडत नाही. आपल्या जेवणाच्या वेळा नेमक्या महागड्या तासांत येतात, म्हणून दाणे भाजणं, वांगी, आठवड्याचा कांदा-खोबऱ्याचा मसाला आजच उरकावा. घराची मंजूर वीज ३.४५ किलोवॅट असेल तर ओव्हन, शेगडी आणि किटली एकदम चालवू नये. मेन स्विच पडतो आणि ओव्हनमधला पदार्थ अर्धवट राहतो.

भरताच्या वांग्याला सुरीने पाच-सहा जागी टोचावं, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतं. वरच्या ग्रिलवर २४० अंशांवर चाळीस मिनिटं, मध्ये दोनदा फिरवून. नंतर झाकून दहा मिनिटं ठेवलं की साल अलगद निघते. सुटलेलं पाणी ओतून टाकावं, ते कडवट असतं. निखाऱ्याचा वास यात नसतो, आणि इथेच ला वेराचं पिमेंतोन कामी येतं: दोन वांग्यांना पाव चमचा. वरून कच्चं तेल घालायची पद्धत असेल तर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल छान लागतं. फोडणीला मात्र ते नको, त्याचा उग्र वास हिंगाला झाकतो. फोडणीसाठी ‘आल्तो ओलेइको’ लिहिलेलं सूर्यफुलाचं तेल.

फोडणीआधी पातिओकडची खिडकी लावावी. शेजाऱ्यांचे कपडे त्याच चौकात वाळत असतात, आणि मोहरी-मिरचीचा ठसका चादरींना बसतो.

रात्री विरजण. इथलं दूध बहुतेक यूएचटीचं, म्हणजे अतिउष्णतेवर तापवून बंद केलेलं, ते उकळायला नको, ४३ अंशांपर्यंत कोमट केलं की पुरे. लिटरला एक मोठा चमचा साधं दही. कपावर ‘नातुराल’ असतं, पण ‘आसुकारादो’ही लिहिलेलं असेल तर त्यात साखर आहे. दही सैल लागतं, घट्ट हवं तर दोन चमचे दूध पावडर घालावी. पनीरला हे दूध वापरू नये, त्याचा चोथा बारीक रव्यासारखा पडतो आणि दाबूनही वडी धरत नाही. फ्रिजच्या कपाटातलं ‘लेचे फ्रेस्का’ म्हणजे ताजं दूध घ्यावं, ते मात्र नीट उकळून मग फाडावं.