टुकानाच्या शोधात चार रात्री

आकाशाच्या नकाशावर टुकाना हा तारकासमूह म्हणजे लांब चोचीचा ऐटबाज पक्षी. आकाशात मात्र पहिल्या रात्री पक्षी काही जुळेना. त्यातला सगळ्यात ठळक ताराच तेजाने तिसऱ्या प्रतीचा, म्हणजे जेमतेम ठळक, बाकीचे त्याहून मंद. नोव्हेंबरची अमावास्या धरून 30 अंश दक्षिण अक्षांशावरच्या माळरानावर आम्ही चार रात्री काढल्या, त्यातली एक अशी रेषा जोडण्यात गेली. तुम्ही ती घालवू नका.

दुसऱ्या रात्री चोच-पंख सोडून दिले. दक्षिणेकडे तोंड केलं, उंचावर अग्रनद हा तेजस्वी तारा होता. आकाशाच्या दक्षिण ध्रुवाशी, म्हणजे ज्या बिंदूभोवती तारे फिरताना दिसतात तिथे, ठळक तारा नाही. पण क्षितिजापासून त्याची उंची तिथल्या अक्षांशाइतकीच असते. हात ताठ धरला की मूठ साधारण 10 अंशांची, म्हणजे आमच्याकडून तीन मुठी वर. अग्रनद आणि ध्रुव यांच्या साधारण मध्यावर एक धुरकट ठिपका होता. ढग आला म्हणून कुणीतरी हळहळलं, पण तो जागचा हलेना. छोटा मॅजेलनी मेघ! सुमारे दोन लाख प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका. खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिटनी याच मेघातल्या 25 रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांवरून 1912 मध्ये तेजस्विता आणि आवर्तनकाळ यांचं नातं दाखवलं. दीर्घिकांची अंतरं मोजायची वाट तिथून निघाली. हे ठाऊक असलं की त्या धुराकडे नुसतं बघत राहावंसं वाटतं.

मेघाच्या उजवीकडे, अगदी शेजारी, कडा विरघळलेला एक ‘तारा’ दिसतो. तो 47 टुकानी, बंदिस्त तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांचा दाट गोळा. 10×50 (दहापट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिलिमीटर भिंगाच्या) दुर्बिणीत दोघं एकाच चौकटीत मावतात. दुर्बीण तिपाईवर बसवाच. हातात धरलेली थरथरते आणि मऊ कडा हरवते. डोळ्यांना अर्धा तास अंधार द्या, नकाशासाठी मंद लाल दिवा ठेवा.

तिसरी रात्र दवाने खाल्ली. मोठी दुर्बीण नेणार असाल तर दव रोखायला तिच्या तोंडाला पुठ्ठ्याची लांब नळी लावा, आम्ही चौथ्या रात्री लावली. त्या रात्री 15 सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून 47 टुकानीच्या कडेचे तारे सुटे झाले, रांगोळीच्या कणांसारखे. मधला गाभा तेवढा दाट राहिला. पहाटेपर्यंत हे सगळं बरंच खाली उतरतं, म्हणून अंधार पडला की पहिले दोन तास त्यालाच द्या.